वेग, जागा आणि भरवसा : व्हिडिओ संपादनाच्या संगणकाला डिस्क कोणती?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, की नीरा नदी ओलांडल्यावर शिरवळ लागते आणि खंबाटकी घाट चढण्यापूर्वी खंडाळा येतो. लोणावळ्याशेजारचा थंड हवेचा खंडाळा निराळा. हा सातारा जिल्ह्यातील तालुक्याचा गाव. याच तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. दरवर्षी ३ जानेवारीस त्यांना अभिवादन करण्यासाठी नायगावला दूरदूरहून माणसे येतात.

समजा, तुमच्या शाळेने यंदा या दिवसाचा अर्ध्या तासाचा माहितीपट करायचे ठरविले. दोन कॅमेरे मिळाले आहेत. कार्यक्रमाचे चित्रण करायचे आहे. शिवाय परिसरातील वृद्ध आजींना बोलते करायचे आहे. त्या शाळेत कधी गेल्या, किती शिकल्या, शाळा का सुटली, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचे आहे. शाळेत एक जुना संगणक आहे. त्यात एकच हार्ड डिस्क असून ती जवळजवळ भरली आहे. व्हिडिओ उघडला की चित्र अडखळते. मुख्याध्यापकांनी थोडे पैसे मंजूर केले आहेत. दुकानदार म्हणतो, "सर्वांत वेगवान एसएसडी घ्या, काम झाले!" शेजारचा छायाचित्रकार म्हणतो, "मोठी हार्ड डिस्क घ्या, जागा महत्त्वाची."

कोणाचे ऐकायचे? विद्यार्थी मित्रांनो, अशा वेळी कोणाचेही ऐकण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी. थोडे गणित आणि थोडे पदार्थविज्ञान यांच्या आधारे हा प्रश्न आपला आपल्याला सोडविता येतो.

एका सेकंदाचे वजन किती?

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखविलेली स्थिर चित्रे, हे तुम्हांस ठाऊक आहे. आपल्याकडे बहुधा सेकंदाला २५ चित्रे घेतात. फोर-के म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येक चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात. गुणाकार केला तर ८२,९४,४०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग तांबडा, हिरवा व निळा अशा तीन आकड्यांनी सांगायचा आणि प्रत्येक आकड्याला एक बाइट जागा द्यायची, तर एका चित्राला सुमारे २.४९ कोटी बाइट लागतील. सेकंदाला २५ चित्रे म्हणजे सुमारे ६२ कोटी बाइट, अर्थात ६२२ मेगाबाइट. एका तासाला सव्वादोन टेराबाइट! एवढी माहिती साध्या कॅमेऱ्याच्या कार्डात मावणेच शक्य नाही.

म्हणून कॅमेरा एक युक्ती करतो. लागोपाठच्या दोन चित्रांत फारसा फरक नसतो. व्यासपीठ तेच, मागचा पडदा तोच. हलतात ते वक्त्याचे ओठ आणि हात. तेव्हा प्रत्येक चित्र पूर्ण न लिहिता बहुतांशी बदल तेवढाच लिहायचा. या संक्षेपामुळे अनेक कॅमेऱ्यांचे फोर-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट एवढ्यावर येते.

येथे थांबा. मेगाबिट आणि मेगाबाइट एक नव्हेत. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. ही चूक दुकानात नेहमी होते. कॅमेऱ्याचा वेग बिटांत सांगतात आणि डिस्कचा बाइटांत. आठाने भागायचे राहून गेले की सारा हिशेब चुकतो.

आता आपल्या कार्यक्रमाचा हिशेब मांडू. सेकंदाला १२.५ मेगाबाइट म्हणजे तासाला ४५,००० मेगाबाइट, म्हणजेच ४५ गिगाबाइट. दोन कॅमेरे, प्रत्येकी तीन तास. एकूण सहा तास. ४५ गुणिले ६ बरोबर २७० गिगाबाइट. संपादन करताना तयार होणाऱ्या फाइली व शेवटचा माहितीपट यांसाठी आणखी १०० धरा. म्हणजे एका कार्यक्रमास सुमारे ३७० गिगाबाइट जागा हवी.

जागा किती हवी ते कळले. वेग किती हवा? दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रणे एकाच वेळी पडद्यावर पाहायची असतील, तर सेकंदाला १२.५ गुणिले २, म्हणजे २५ मेगाबाइट. आजची साधी हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचताना सेकंदाला १५० मेगाबाइट सहज देते. मग चित्र अडखळते का? याचे उत्तर शोधण्यासाठी डिस्कच्या पोटात शिरावे लागेल.

फिरती तबकडी

हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या एका आसावर फिरत असतात. तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा अत्यंत पातळ थर असतो. त्यातील सूक्ष्म भागांच्या चुंबकनाची दिशा बदलून शून्य आणि एक हे अंक लिहिले जातात. लिहिण्या-वाचण्याचे काम एका हलत्या दांड्याच्या टोकाशी बसविलेले चिमुकले शीर्ष करते. आजोबांच्या ग्रामोफोनची आठवण व्हावी अशीच ही रचना. मात्र ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, हे शीर्ष टेकत नाही. ते तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. आपला केस साधारण ७०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून ते अंतर किती अल्प आहे याची कल्पना येईल.

ही तबकडी फिरते तरी किती वेगाने? टेबलावरच्या संगणकातील बऱ्याच डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेतात. म्हणजे सेकंदाला १२० फेरे. तबकडीची त्रिज्या ४.५ सेंटिमीटर धरली, तर कडेच्या बिंदूचा वेग २ × ३.१४ × ०.०४५ × १२०, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४ मीटर येतो. ताशी १२२ किलोमीटर! हमरस्त्यावरच्या एस. टी.ला मागे टाकील अशा वेगाने तबकडी शीर्षाखालून धावत असते. चालू हार्ड डिस्कला धक्का लागू देऊ नये असे का म्हणतात, ते आता लक्षात आले असेल.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. फेऱ्यांचा वेग सर्वत्र सारखाच असला तरी रेषीय वेग त्रिज्येच्या प्रमाणात असतो. बाहेरच्या मोठ्या वर्तुळात जास्त अंक मावतात आणि एका फेऱ्यात तेवढे वाचले जातात. आतल्या वर्तुळांत कमी. डिस्क साधारणतः बाहेरून आत भरत जाते. म्हणून रिकाम्या डिस्कचा वेग भरलेल्या डिस्कच्या जवळजवळ दुप्पटही असू शकतो. शाळेची भरत आलेली डिस्क मंद का, याचे हे एक कारण.

खरा वेळ कोठे जातो?

परंतु मुख्य कारण निराळे आहे. शीर्षाला हवी ती माहिती वाचण्यापूर्वी दोन गोष्टी घडाव्या लागतात. पहिली, दांडा हलून शीर्ष योग्य वर्तुळावर जायला हवे. याला सरासरी आठ ते नऊ मिलिसेकंद लागतात. दुसरी, हवा असलेला भाग फिरत फिरत शीर्षाखाली यायला हवा. एका फेऱ्यास १ भागिले १२० सेकंद, म्हणजे ८.३ मिलिसेकंद लागतात. सरासरीने अर्धा फेरा वाट पाहावी लागते, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. दोन्ही मिळून सुमारे १२.५ मिलिसेकंद धरू. एवढ्या वेळात एक अक्षरही वाचून होत नाही!

आता उदाहरण घ्या. डिस्कचा सलग वाचनाचा वेग सेकंदाला १५० मेगाबाइट आहे. दोन कॅमेऱ्यांच्या फाइली डिस्कवर दोन ठिकाणी आहेत. शीर्षाला एकीकडून थोडे, दुसरीकडून थोडे असे वाचत पळावे लागते. दर उडीमागे ४ मेगाबाइट वाचले, तर वाचनाला २६.७ आणि उडीला १२.५, असे ३९.२ मिलिसेकंद लागतील. वेग पडला सेकंदाला सुमारे १०२ मेगाबाइट. दर उडीमागे १ मेगाबाइट वाचला, तर एकूण वेळ १९.२ मिलिसेकंद आणि वेग ५२ मेगाबाइट. आणि उडीमागे केवळ ६४ किलोबाइटच वाचले, तर? वाचनाला अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी वेळ लागेल, पण उडीचे १२.५ आहेतच. वेग उरतो सेकंदाला फक्त ५ मेगाबाइट!

डिस्क तीच, मोटार तीच. पण १५० मेगाबाइटवरून ५ वर घसरगुंडी. बाजारातून भाजी आणायला गेलेल्या माणसाला दर भाजीसाठी घरी परत यावे लागले तर जे होईल, तेच हे.

आपल्या संगणकात तर एकाच डिस्कवर विंडोज आहे, संपादनाचा प्रोग्राम आहे, त्याच्या शेकडो लहान तात्पुरत्या फाइली आहेत आणि दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रणेही आहेत. बिचाऱ्या शीर्षाची सारखी पळापळ चालते. वेग अपुरा नाही. कामे फार आहेत.

न फिरणारी डिस्क

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. सिलिकॉनच्या चकत्यांवर कोट्यवधी सूक्ष्म कप्पे कोरलेले असतात. कप्प्यात विद्युत्‌रोधक थराच्या आड इलेक्ट्रॉन कोंडून ठेवतात. इलेक्ट्रॉन किती आहेत यावरून अंक ओळखला जातो. वीज गेली तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन जागेवरच राहतात, म्हणून माहिती टिकते. जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडलेल्या फ्लॅश स्मृतीचा हा वंशज. येथे दांडा हलायचा नाही आणि फेऱ्याची वाटही पाहायची नाही. त्यामुळे कोणत्याही कप्प्यापर्यंत पोहोचायला साधारण एक दशांश मिलिसेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागतो. हार्ड डिस्कच्या तुलनेत शंभरपटीहून अधिक त्वरेने!

मात्र एसएसडीचेही काही स्वभाव आहेत. एका तांब्यात पाणी आहे की नाही, हे सांगणे सोपे. पण पाण्याच्या सोळा पातळ्या ठरवून त्यांतील नेमकी कोणती, हे सांगायचे तर भरताना आणि मोजताना फार जपावे लागते. एका कप्प्यात तीन बिट ठेवायचे तर आठ पातळ्या लागतात. चार बिट ठेवायचे तर सोळा. चार बिटांची एसएसडी म्हणजे क्यूएलसी. ती स्वस्त पडते. पण एका दमात खूप माहिती लिहिली, की सुरुवातीचा वेग संपून ती बरीच मंद होऊ शकते. व्हिडिओच्या कामात तर एका दमात शेकडो गिगाबाइट लिहावे लागतात. म्हणून कामाच्या डिस्कसाठी तीन बिटांची, म्हणजे टीएलसी, एसएसडी घ्यावी.

दुसरा स्वभाव असा, की एसएसडीमध्ये थोडे थोडे लिहिता येते. पण पुसायचे झाले तर मोठा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. पाटीवरचे एक अक्षर पुसता येत नाही, सारी पाटी पुसावी लागते असे समजा. मोकळ्या पाट्या शिल्लक नसल्या की खोळंबा होतो. म्हणून एसएसडी काठोकाठ भरू नये. दहा-वीस टक्के जागा मोकळी ठेवावी.

"पण एसएसडी लिहून लिहून झिजते ना?" असे तुम्ही विचाराल. झिजते खरी. एक टेराबाइटच्या अनेक टीएलसी एसएसडींना उत्पादक एकूण ६०० टेराबाइट लिहिण्यापर्यंतची हमी देतात. रोज १०० गिगाबाइट लिहिले तरी ६,००० दिवस, म्हणजे सोळा वर्षे झाली! शाळेच्या कामात ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

घाटातील वाहतूक

आता दुकानदाराच्या "सर्वांत वेगवान" या शब्दांकडे वळू. एसएसडी मुख्यतः दोन मार्गांनी संगणकाला जोडतात. पहिला साटा. त्याचा वेग सेकंदाला ६ गिगाबिट. पण दर आठ बिट पाठविताना दहा बिट खर्ची पडतात, म्हणून माहिती जास्तीत जास्त सेकंदाला ६०० मेगाबाइट जाते. प्रत्यक्षात साडेपाचशेच्या आसपास. दुसरा मार्ग एनव्हीएमई. त्यात वेग सेकंदाला ३,५०० मेगाबाइट किंवा त्याहूनही पुष्कळ अधिक मिळतो.

आकडे पाहिले की कोणालाही दुसऱ्याचा मोह होईल. पण आपली गरज सेकंदाला २५ मेगाबाइटची! साटा एसएसडीचा वेगच तिच्या वीसपटीहून अधिक आहे. त्याहून वेगवान डिस्क घेतली तर विंडोज थोडी चटकन सुरू होईल, मोठ्या फाइली भरभर हलतील. परंतु पडद्यावरचे चित्र अधिक सुरळीत दिसेल असे नाही. संक्षेप न केलेल्या किंवा अल्प संक्षेपाच्या व्हिडिओवर काम करणाऱ्या स्टुडिओची गोष्ट वेगळी. सेकंदाला ६२२ मेगाबाइटचा हिशेब आठवा. तेथे साटा अपुरा पडेल. थोडक्यात, डिस्क चांगली की वाईट हे डिस्ककडे पाहून ठरत नाही, कामाकडे पाहून ठरते.

शिवाय रस्त्याचा विचार करायला हवा. पुणे-सातारा हमरस्ता कितीही रुंद असो, खंबाटकी घाटात जेवढ्या गाड्या चढतील तेवढ्याच पुढे जाणार. वेगवान एसएसडी बाहेरच्या पेटीत घालून जुन्या यूएसबी २.० च्या खाचेत लावली, तर प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या आसपासच मिळतो. आपले २७० गिगाबाइट उतरवायला त्या वाटेने दोन तासांहून अधिक वेळ लागेल. तेच यूएसबी ३ च्या खाचेतून सेकंदाला १५० मेगाबाइट मिळाले, तर अर्ध्या तासात काम होईल. तेव्हा खरेदीपूर्वी आपल्या संगणकाच्या मदरबोर्डवर कोणत्या खाचा आहेत, हे अवश्य पाहावे. पट्टीसारख्या दिसणाऱ्या एम.२ आकाराच्या एसएसडीबाबत तर विशेष काळजी घ्यावी. त्या आकारात साटा आणि एनव्हीएमई असे दोन्ही प्रकार येतात. दिसायला सारखे, पण एकाच्या खाचेत दुसरा चालेलच असे नाही.

आणखी एक घाट आहे, तो म्हणजे प्रोसेसर. संक्षेप केलेले चित्र दाखविताना प्रत्येक चित्र पुन्हा जुळवावे लागते. ते काम प्रोसेसरला झेपत नसेल, तर जगातील सर्वांत वेगवान डिस्क लावूनही चित्र अडखळेल. मग ओळखायचे कसे? विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडा आणि व्हिडिओ चालवा. डिस्कचा आकडा सारखा १०० टक्क्यांना भिडत असेल, तर दोष डिस्कचा. डिस्क निवांत आणि प्रोसेसर १०० टक्क्यांवर असेल, तर दोष प्रोसेसरचा. अशा वेळी संपादनाच्या प्रोग्राममध्ये प्रॉक्सी, म्हणजे कमी ठिपक्यांच्या हलक्या प्रती, तयार करून त्यांवर काम करावे. त्याला एक पैसाही लागत नाही.

भरवशाचे गणित

वेग आणि जागा झाली. आता तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

समजा, एखादी डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता शंभरात दोन आहे. वेग वाढविण्यासाठी काही जण दोन डिस्क जोडून एक करतात आणि प्रत्येक फाइल दोघींत अर्धी अर्धी लिहितात. याला रेड शून्य म्हणतात. येथे दोन्ही डिस्क धड असल्या तरच फाइल वाचते. दोन्ही धड राहण्याची शक्यता ०.९८ × ०.९८, म्हणजे ०.९६०४. अर्थात बिघाडाची शक्यता दोनावरून जवळजवळ चारावर गेली. वेग मिळाला, पण धोका दुप्पट झाला.

याउलट, दोन डिस्कवर दोन पूर्ण प्रती ठेवल्या तर दोन्ही नष्ट होण्याची शक्यता ०.०२ × ०.०२, म्हणजे दहा हजारांत चार. केवढा फरक! परंतु हा गुणाकार केव्हा करता येतो? दोन्ही घटना एकमेकींवर अवलंबून नसतील तेव्हाच. दोन्ही डिस्क एकाच संगणकात असल्या आणि वळवाच्या पावसात वीज कोसळून विजेच्या तारेतून झटका आला, तर दोन्ही एकदम जातील. दोन्ही एकाच कपाटात असल्या, तर चोर दोन्ही नेईल. म्हणून दुसरी प्रत संगणकापासून काढून दुसऱ्या जागी ठेवायची.

चित्रपटांच्या इतिहासात याचे दुःखद दाखले आहेत. १९३१ चा 'आलम आरा' हा भारतातील पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या सर्व रिळी उरलेल्या नाहीत. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात साठविलेल्या जुन्या नायट्रेट फिल्मांना आग लागली आणि अनेक दुर्मिळ रिळी जळाल्या. ज्या चित्रपटाची दुसरी प्रत अन्यत्र होती तो वाचला. जिची दुसरी प्रत नव्हती ती रीळ कायमची गेली.

सभेतील भाषण पुढच्या वर्षी पुन्हा चित्रित करता येईल. परंतु नव्वदीच्या आजीने सांगितलेली तिच्या शाळेची आठवण पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही. डिस्क पुन्हा विकत मिळते. आठवण मिळत नाही.

प्रत ठेवण्यासाठी हार्ड डिस्क उत्तम. एका टेराबाइटमागे ती एसएसडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. शिवाय एसएसडीमधील कोंडलेले इलेक्ट्रॉन फार हळूहळू का होईना, निसटत असतात; वीज न देता ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवणे योग्य नव्हे. हार्ड डिस्क घेताना एक चौकशी करावी. काही डिस्कमध्ये शेजारचे पट्टे छपरावरील कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. मधले एक कौल बदलायचे तर पुढची सारी उचलावी लागतात, तशी या डिस्कमध्ये जुन्या जागी पुन्हा लिहिताना गत होते. अशी डिस्क, जिला एसएमआर म्हणतात, कपाटातील प्रतीसाठी चालेल. रोजच्या कामासाठी कौले न चढविलेली, म्हणजे सीएमआर, डिस्क घ्यावी.

मग काय घ्यायचे?

आपला निर्णय आता सोपा झाला. एका डिस्कला तिन्ही कामे सांगू नयेत; प्रत्येकीला एक काम द्यावे.

पहिली : ५०० गिगाबाइटची एसएसडी. तिच्यावर विंडोज आणि प्रोग्राम.

दुसरी : एक टेराबाइटची टीएलसी एसएसडी. चालू कामाच्या फाइली तिच्यावर. आपले ३७० गिगाबाइट मावून मोकळी जागाही उरते. साटा पुरे.

तिसरी : चार टेराबाइटची हार्ड डिस्क. झालेली कामे तिच्यावर. वर्षाला आठ कार्यक्रम धरले तर आठ गुणिले ३७०, म्हणजे सुमारे तीन टेराबाइट लागतील.

चौथी : तेवढीच बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. काम झाले की प्रत घेऊन, ती उघडून तपासून, डिस्क शाळेबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवावी.

पैसे कमी पडले तर काय वगळावे? पहिली आणि दुसरी एकत्र करा. एका टेराबाइटच्या एसएसडीवर दोन्ही कामे चालतील, कारण तेथे शीर्षाची पळापळ नाही. त्याहून कमी असतील, तर तिसरीऐवजी जुनी हार्ड डिस्क रिकामी करून वापरा. एनव्हीएमईचा हट्ट सोडा. पण चौथी वगळू नका. शाळेत बहुधा उलट घडते. वेग दिसतो म्हणून त्यावर पैसे खर्च होतात. भरवसा दिसत नाही म्हणून तो पुढच्या वर्षावर जातो. आणि कॅमेऱ्याचे कार्ड? चित्रणाच्या दोन प्रती दोन डिस्कवर पोहोचल्याखेरीज ते पुसायचे नाही, असा शाळेचा नियमच करा.

शेवटी एक गमतीची तुलना. १९५६ मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सारे मिळून सुमारे पावणेचार मेगाबाइट मावत. आपल्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने ते किती सेकंदांचे चित्रण? ३.७५ भागिले १२.५, म्हणजे ०.३ सेकंद. आजीने "मी" म्हणेपर्यंत ती कपाटाएवढी डिस्क भरून गेली असती!

करून पाहा

एका पेन ड्राइव्हवर दोन गिगाबाइटची एकच व्हिडिओ फाइल उतरवा आणि घड्याळात वेळ मोजा. ती पुसून, एकूण तेवढ्याच आकाराच्या पण हजारो लहान फाइली उतरवा. वेळेत किती फरक पडला? संगणकातील हार्ड डिस्कवर हाच प्रयोग करून तुलना करा. निरीक्षणे वहीत नोंदवा.

सोडवा

१. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये अर्ध्या फेऱ्यास किती वेळ लागेल?
२. एक कॅमेरा सेकंदाला २०० मेगाबिट वेगाने चित्रण करतो. दोन तासांच्या चित्रणास किती जागा लागेल?
३. एक टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइट का दिसते?

उत्तरे : १. सेकंदाला ९० फेरे. अर्ध्या फेऱ्यास सुमारे ५.६ मिलिसेकंद. २. सेकंदाला २५ मेगाबाइट. ७,२०० सेकंदांत १८० गिगाबाइट. ३. उत्पादक गिगाबाइट म्हणजे १००,००,००,००० बाइट धरतात. विंडोज १०२४ × १०२४ × १०२४ बाइट धरते. बाइट तेवढेच, मापे दोन. दुकानदाराने फसविले नाही!